दहा वर्षांचा सेल

बाळ्या पन्नाशीला टेकला होता, डोक्यावरचे निम्मे केस उडाले होते, आणि त्याला बाळ्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. त्याची आई. आता तीही म्हणत नव्हती. ती त्याला 'अहो कुलूपवाले' म्हणायची. तेही अगदी अदबीने, कचेरीतल्या शिपायाला गोड बोलून आत शिरायचं असावं तसं.

"अहो कुलूपवाले, तेवढं दार उघडता का? माझी मुलं घरी एकटी आहेत."

"आई, हेच घर आहे. आणि तुझा मुलगा मीच आहे."

"असाल हो. मी कुठं नाही म्हणते? पण दार उघडा."

किल्ली त्याच्या गळ्यात सुतळीला बांधलेली असायची, आणि आईची नजर बोलता बोलता बरोबर तिथे जायची.

कुलूप लावायची हौस कुणालाच नसते. आई बाहेर जायची, आणि जाताना दाराचा एवढासाही आवाज करायची नाही. मुलं झोपलेली असताना दूध आणायला बाहेर पडायची तिची आयुष्यभराची सवय. बाकी सगळं विसरली, ही कला तेवढी शाबूत राहिली. बाळ्या मागच्या खोलीत बसून एका कारखान्यासाठी पंपांचे नकाशे काढायचा. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप दिसायचे. दिवसभर पाइप काढायचे आणि मान वर केली की पुन्हा पाइपच. मधल्या लांब बोळातून पुढच्या दाराची चाहूल तिथपर्यंत पोचायची नाही. दोनदा आई रस्त्यावर सापडली. मग त्याने कडीला आतून कुलूप घातलं.

कुलूप घातलं आईसाठी, पण कोंडला गेला तोही. वाणसामान घरपोच येऊ लागलं. न्हाव्याकडे जाणं बंद झालं, स्वयंपाकघरातल्या कात्रीने तो स्वतःच केस कापायचा आणि मग ते आणखीच कमी दिसायचे. आंघोळ दार किलकिलं ठेवून, दोन तांब्यांत उरकायची. ताई, म्हणजे मोठी बहीण, दूरच्या शहरात राहायची आणि फोनवरून सल्ला द्यायची. "कुलूप घातलंस ना? बरं केलंस. आता तू मोकळा." मोकळा! बाळ्याला त्या शब्दाचा इतका राग आला की फोन ठेवल्यावर त्याने उगाचच पाण्याचं पिंप घासून काढलं.

खरं सांगायचं तर त्याला कोंडल्याचं तेवढं दुःख नव्हतं. आईने आपल्याला पहारेकरी समजावं, हे त्याला सोसत नव्हतं. माणूस बाकी काहीही होईल हो, पण जन्मदात्रीचा जेलर व्हायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आई आपल्याला पुन्हा ओळखेल अशी आशा डॉक्टरांनी केव्हाच मोडीत काढली होती. पण निदान तिने आपल्याला भिऊ नये, आपल्याकडे सुटकेची याचना करू नये, एवढं तरी आपल्या हातात असावं असं त्याला वाटायचं. आणि त्यासाठी ते कुलूप निघायला हवं होतं.

बाळ्याला लहानपणापासून एकच नाद, इलेक्ट्रॉनिक्सचा. कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचे जुने डबे, त्यात रेझिस्टर, तारा, मोडलेल्या रेडिओंची आतडी. त्याने ठरवलं, दाराला एक यंत्र लावायचं. चौकटीवर एक छोटी डबी, दारावर एक चुंबक. दार उघडलं की डबीतून बिनतारी संदेश निघेल आणि बाळ्याच्या खिशातला बझर थरथरेल. आई पायऱ्या उतरून खाली पोचायच्या आत तो तिच्या मागे असेल.

असं यंत्र तयार मिळत नाही का? मिळतं की. त्याने मागवलंही होतं. त्याच्यावर एक निळा दिवा अधूनमधून लुकलुकायचा. आईला तो किडा वाटला. तिने चप्पल काढली आणि असा काही नेम धरला की यंत्राचे तीन तुकडे झाले. दुसरं आणलं ते भिंतीतल्या प्लगवर चालणारं. पण आईने उभी हयात विजेचं बिल कमी यावं म्हणून दिसेल ते बटण बंद करण्यात घालवलेली. फ्रीजसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसे, तिथे या यंत्राची काय कथा! म्हणजे गोष्ट स्पष्ट होती. यंत्र घरीच करायचं, दिवा ठेवायचा नाही, आणि वीज बॅटरीची. ती बॅटरीही अशी की पुन्हा पुन्हा डबी उघडावी लागू नये. डबी उघडताना आईने एकदा पाहिलं की तिचं कुतूहल जागं झालंच म्हणून समजा.

बाळ्याने साधे पेन्सिल सेल घेतले. हिशेब पक्का होता. यंत्र सगळा वेळ झोपलेलं, दार उघडलं की क्षणभर जागं होणार, संदेश पाठवणार, पुन्हा झोपणार. झोपेत ते किती करंट खातं हे त्याने टेबलावर मीटर लावून मोजलं. काटा जागचा हलेना. असं कुंभकर्णासारखं झोपणारं यंत्र दोन पेन्सिल सेलांवर दोन वर्षं सहज काढेल, असं त्याने मनाशी म्हटलं आणि डबी चौकटीच्या वरच्या अंगाला चिकटवून टाकली. मग गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं, आणि कुलूप, किल्ली दोन्ही पिठाच्या डब्यात खोल खुपसली.

दिवस बरे गेले. फार बरे गेले. आई दाराशी जायची, कडी हलवून बघायची, दार उघडायचं, बझर थरथरायचा, बाळ्या बोळात यायचा. उघड्या दारातून आई जिना बघायची. कधी दोन पायऱ्या उतरायची, कधी नुसतंच दार लावून परत यायची. दार उघडतंय म्हटल्यावर तिचा निम्मा सोस गेला. कुलूपवाले हा शब्द घरातून नाहीसा झाला. त्याच्या जागी बाळ्या आला असं नाही. तिने त्याला काहीच नाव ठेवलं नाही. पण एका दुपारी तिने केळं सोललं, अर्धं मोडलं आणि त्याच्यापुढे धरलं. "घ्या," म्हणाली. "सकाळपासून काम करताय." बाळ्या ते केळं घेऊन मागच्या खोलीत गेला आणि दार लावून ढसाढसा रडला. रडून झाल्यावर त्याने ते खाल्लं.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. बाळ्या आंघोळीला बसला होता. बझर प्लास्टिकच्या पिशवीत घालून साबणाच्या फळीवर ठेवलेला. यंत्रावर भरवसा बसला होता, म्हणून बऱ्याच दिवसांनी बादलीभर पाणी घेऊन सावकाश आंघोळ चाललेली. बझर मुका. बाहेर आला तर पुढचं दार सताड उघडं आणि आई घरात नाही.

तो ओल्या अंगावर शर्ट चढवून धावला. हा रस्ता, तो रस्ता, मोठ्या चौकातला सिग्नल, सगळीकडे वाहनांचा पूर. कुणी म्हातारी बाई पाहिली का, अनवाणी असेल, पांढऱ्या केसांची, असं तो दिसेल त्याला विचारत सुटला. आई सापडली चौकाच्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानात. हमरस्ता एकटीने ओलांडून गेली होती. शिंप्याने तिला स्टुलावर बसवलं होतं आणि तो तिचं म्हणणं ऐकून घेत होता.

"शाळेचा सदरा हवाय," आई सांगत होती. "पांढरा. बाळ्यासाठी. थोडा मोठाच शिवा, अंगाने वाढतोय."

"माप काय आजी?"

आईने हात आडवा धरून कमरेइतकी उंची दाखवली. "एवढा आहे."

बाळ्या दुकानाच्या दारात उभा होता, केसांतून पाणी गळत होतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शिंप्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आले. आता मला नेतील."

घरी आल्यावर त्याने डबी उघडली. दोन्ही सेल मेलेले. पार गेलेले. दोन वर्षांच्या सेलांनी महिन्यात मान टाकावी, हे कसं? त्याला कळेना. पिठात हात घालून त्याने कुलूप काढलं, झटकलं आणि पुन्हा कडीला घातलं. आई जवळ उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवसापासून कुलूपवाले परत सुरू झालं, आणि आता त्यात अदब उरली नव्हती. ती दारावर मुठी आपटायची. तिच्या बोटांची पेरं काळीनिळी झाली. बाळ्याने दाराला आतून जुनी गोधडी ठोकली, तिला लागू नये म्हणून. आता जिन्यातला उजेडही फटीतून येईना. दोघंजण त्या बोळात समोरासमोर बसायचे, ती दाराकडे तोंड करून, तो तिच्याकडे, आणि हवा अशी कोंदलेली की श्वास घ्यायलाही कुणाची परवानगी काढावी असं वाटायचं.

ताईचा फोन आला. "हे बघ, तुझी खेळणी पुरे झाली," ती म्हणाली. "ती गाडीखाली आली असती म्हणजे?"

"माहितीये मला."

"मग? कुलूप आहे ना? राहू दे की."

"तू ये आणि एक दिवस किल्ली गळ्यात घालून बस, ताई. एकच दिवस. मग बोल."

ताई म्हणाली, "मला नाही रे जमायचं ते." हे तिने खरं सांगितलं, म्हणून बाळ्याचा राग अर्धा उतरला.

समोरच्या काकूंना आईजवळ बसवून बाळ्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. किती दिवसांनी रस्त्यावरून एकटा चालत होता, पण मन घरातच अडकलेलं. दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं एवढी गल्ली, दोन्हीकडे छताला भिडलेले खण. गल्ल्यावर एक बाई बसायच्या. नवऱ्याच्या पाठीमागे त्यांनी दुकान चालवलं होतं, चष्मा कायम कपाळावर, आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला मोकळीक असली तरी तसं त्याला वाटू द्यायच्या नाहीत.

"दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत. आणि केसांचं हे काय? उंदरांनी कुरतडले?"

"घरीच कापतो. बाई, मला टिकणारी बॅटरी हवीय. फार टिकणारी."

"फार म्हणजे किती?"

त्याने उत्तर टाळून यंत्राची सगळी कहाणी सांगितली. डबी, चुंबक, पेन्सिल सेल, टेबलावर घेतलेलं माप. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, "दार दिवसातून किती वेळ उघडं असतं?"

"उघडं? उघडं नसतंच. सदा बंद." आणि बोलता बोलता बाळ्या थांबला. त्याने कपाळावर हात मारला. "अहो, टेबलावर चुंबक नव्हतं!"

त्याच्या ध्यानात आलं ते असं. चुंबक जवळ आलं की आतलं स्विच जुळतं, आणि जुळलं की हाताला लागेल ते रेझिस्टर लावल्यामुळे त्यातून करंट सतत पाझरत राहतो. टेबलावर चुंबक लांब होतं, म्हणून मीटरला काही दिसलं नाही. त्याने मापलं ते उघड्या दाराचं. सेल मात्र बसले होते बंद दारावर, आणि दार बंद होतं तितका वेळ, म्हणजे जवळजवळ सगळाच वेळ, ते झिजत होते. पंपांचे नकाशे काढणाऱ्या माणसाने नळ चालू आहे की बंद हे न बघता पाणी मापावं, त्यातली गत.

"होतं असं," बाई म्हणाल्या. "माझ्या यांनी एकदा अख्खा रेडिओ उलगडला होता, बटण बंद होतं म्हणून. हे घ्या, तीन तारांचं स्विच. ही तार वापरा, म्हणजे दार बंद असताना काही वाहणार नाही. आता सेल." त्यांनी काचेवर एकेक मांडायला सुरुवात केली. "हा बटणासारखा. छोटा, गोजिरवाणा, पण रेडिओने संदेश पाठवायचा म्हटलं की याला झेपत नाही. हा चार्ज होणारा. चांगला आहे, पण काढून चार्ज करायला लागेल, तेवढा वेळ दार रामभरोसे. हे तुमचे पेन्सिल. जोडणी नीट केलीत तर दोनेक वर्षं जातील. हळूहळू उतरतात, शेवटी शेवटी पाझरतात. आणि हा." तो दिसायला पेन्सिल सेलासारखाच, पण अंगावर ना चित्र ना रंग. "पाण्याच्या मीटरमध्ये घालतात. एकदा बसवला की विसरून जायचं. दहा वर्षं. फक्त शेजारी एक कपॅसिटर लावा, एकदम जोर काढायचा म्हटलं की याला धाप लागते. आणि हा हळूहळू जात नाही. शेवटपर्यंत ठणठणीत, मग एकदम जातो. तेव्हा यंत्राला रोज सकाळी एकदा 'आहे' म्हणून टिकटिक करायला लावा. टिकटिक आली नाही की समजायचं."

बाळ्या त्या सेलाकडे पाहत राहिला. शेवटपर्यंत ठणठणीत आणि मग एकदम. आईचं असं व्हायला हवं होतं.

"मग, किती टिकायला हवा?" बाईंनी पुन्हा विचारलं.

साधा प्रश्न होता. दुकानदार विचारतोच. पण बाळ्याच्या तोंडून आकडा निघेना. दोन वर्षं म्हणावं, तर मनातल्या मनात आईला दोन वर्षांत वाटेला लावल्यासारखं. दहा म्हणावं, तर दहा वर्षं तो बोळ, ती भिंत, ते पाइप, आणि आपण साठीचे. त्याला दुकानाच्या दोन्ही भिंती अंगावर आल्यासारख्या झाल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे, दोन हा आकडा मनात आला तेव्हा त्याला क्षणभर हलकं वाटलं होतं. त्याची त्यालाच इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. आपली आई कधी मरणार याचा हिशेब आपण एका काचेच्या कपाटापुढे उभं राहून करतोय, आणि तोही सेलाच्या निमित्ताने.

मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, सरका म्हणत होतं. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"यंत्र कुणासाठी म्हणालात?"

"आईसाठी."

"वय?"

"ऐंशीच्या पुढे."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. घाई केली नाही.

"दहावाला द्या," बाळ्या शेवटी म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "सेल उरला तरी चालेल. तिच्या आधी संपायला नको."

घरी येऊन त्याने काकूंचे आभार मानले, आईला खिडकीशी बसवलं आणि कामाला लागला. यावेळी घाई नाही. तीन तारांतली योग्य तार, कपॅसिटर, नवा सेल. मीटर लावला तो चुंबक चिकटवून, मग चुंबक दूर करून, मग पुन्हा चिकटवून. डबी चौकटीवर चढवली. कित्येक दिवस कुलूप तसंच ठेवून सकाळची टिकटिक ऐकली. पंधरवडाभर दर संध्याकाळी सेल मोजून पाहिला. तो उतरायचं नाव घेईना. मग एका सकाळी, आई जवळ उभी असताना, तिला दिसेल असं त्याने कुलूप काढलं आणि खिडकीतून खालच्या कचऱ्याच्या पेटीत टाकलं. किल्लीही टाकली. गोधडी सोडवून धुवायला भिजत घातली.

आईने त्या दिवशी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दाराकडे बघायची आणि मान फिरवायची, जणू हा काहीतरी डाव आहे.

तिसऱ्या दिवशी बाळ्या दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस. खिशातला बझर थरथरला. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि तसाच निघाला. अडवायचं नाही, हात धरायचा नाही, नुसतं मागे राहायचं, असं त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. आई जिना उतरली, फाटकातून बाहेर पडली. आज पायांत चपला होत्या. तो थोडं अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागला. लोक त्याच्या फेसाकडे पाहत होते, पाहोत बापडे.

कोपऱ्यापाशी ती थबकली आणि वळली. बाळ्या जागीच थांबला. आता ही म्हणणार, आले, आता मला नेतील.

आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. उघडा गळा, घरातल्या चपला, कुरतडलेले केस, अर्धवट दाढी. तिच्या कपाळावरची आठी विरली आणि तोंडभर करुणा आली, अनोळखी माणसाबद्दल येते तशी.

"अगबाई," ती म्हणाली. "तुम्हालाही सोडलं?"

"हो," बाळ्या म्हणाला. "आत्ताच."

"किती वर्षं होतात आत?"

"मोजली नाहीत."

"बरं केलंत. मोजू नयेच." तिने इकडेतिकडे पाहिलं, त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला ओढत भराभर चालू लागली. "चला, पाय उचला. कुणी बघायच्या आत."